बी.ए. आणि ग्राउंड: वाशीम जिल्ह्यातल्या छोट्या महाविद्यालयाचं वर्ष

वाशीम जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी कला शाखेचा विद्यार्थी आणि मैदानावरचा खेळाडू बहुतेक वेळा एकच असतो. सकाळी साडेसहाला तो ग्राउंडवर असतो, अकराला राज्यशास्त्राच्या तासाला असतो, दुपारी अभ्यासिकेत असतो आणि सुट्टीच्या दिवशी वावरात असतो. मोठ्या शहरात ही कामं चार वेगवेगळी मुलं करतात. इथे ती एकाच मुलाला करावी लागतात, आणि ती सांभाळून घेण्याचं काम महाविद्यालयात जेमतेम दोन-तीन माणसांकडे असतं. हे सगळं नेमकं चालतं कसं, कुठे जमतं आणि कुठे अडतं, ते नव्याने प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या घरच्यांना क्वचितच कुणी नीट सांगतं. म्हणून हा लेख.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांमध्ये वाशीमचं नाव होतं. इथली महाविद्यालयं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. १९८३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात. वाशीमचं राजस्थान आर्य महाविद्यालय, रिसोडचं उत्तमचंद बगडिया महाविद्यालय, कारंज्याचं किसनलाल नथमल गोयनका महाविद्यालय, मानोऱ्याचं मातोश्री सुभद्राबाई पाटील महाविद्यालय, शिरपूर जैनचं पुंडलिकराव गवळी महाविद्यालय ही त्यातली काही नावं. यातलं प्रत्येक महाविद्यालय आपापल्या परीने वेगळं आहे. पण कला शाखेचं वर्ष आणि खेळाचं वर्ष यांची गुंतागुंत सगळीकडे सारखीच आहे.

आधी माणसांकडे पाहू. खेळाचा सगळा भार एका माणसावर असतो. कागदोपत्री त्यांचं पद शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक, मुलांच्या तोंडी ‘स्पोर्टचे सर’ किंवा ‘स्पोर्टच्या मॅडम’. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार या पदासाठी शारीरिक शिक्षणात ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा पीएच.डी. तर लागतेच, शिवाय धावूनही दाखवावं लागतं. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १८०० मीटर आणि स्त्री उमेदवाराने ८ मिनिटांत १००० मीटर अंतर कापलं पाहिजे. महाविद्यालयात निवडीसाठी पळावं लागणारा शिक्षक हा एकटाच. तोच कबड्डीचा संघ निवडतो, खो-खोचा निवडतो, अ‍ॅथलेटिक्सची नावं पाठवतो, साहित्य खरेदीची दरपत्रकं मागवतो, संघाला घेऊन परगावी जातो आणि परत आल्यावर प्रवासाची बिलं चिकटवतो. पद रिक्त असलं की हे काम तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडे किंवा मराठी-इतिहासाच्या एखाद्या उत्साही प्राध्यापकाकडे येतं. संघ तेव्हाही जातो, पण सकाळचा सराव तिथे पहिल्यांदा ढासळतो.

आता अभ्यासाची बाजू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा पदवी आराखडा महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला लागू झाला. त्यात सगळा हिशेब श्रेयांकांत, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘क्रेडिट’मध्ये होतो. एका सत्राला २० ते २२, वर्षाला ४० ते ४४ आणि तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक. वर्गातल्या शिकवणीचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास, तर प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण असे वेगवेगळे रकाने आहेत. आपल्या कामाचा रकाना ‘सहशैक्षणिक अभ्यासक्रम’ हा. खेळ व तंदुरुस्ती, योग, राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, सांस्कृतिक कला हे सगळं त्यात येतं, आणि राज्य शासनाच्या २०२३ च्या आराखड्यात त्याला सत्राला २ श्रेयांक ठेवले आहेत.

हा बदल वरवर लहान दिसतो, पण मला तो मोठा वाटतो. आजवर मैदान हे पदवीच्या बाहेर होतं. खेळलात तर बरं, नाही खेळलात तरी गुणपत्रिकेत फरक नाही. आता दोन श्रेयांक म्हणजे प्रात्यक्षिकाचे ६० तास. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला चार तास झाले. चार दिवस रोज एक तास मैदानावर. म्हणजे ज्याने खेळ हा पर्याय घेतला त्याचं मैदान वेळापत्रकात आलं पाहिजे, त्याची हजेरी लागली पाहिजे, त्याची चाचणी झाली पाहिजे. हे मनापासून केलं तर ज्या मुलीला घरून ‘ग्राउंडवर कशाला जातेस’ असं विचारलं जातं, तिला ‘तो माझा तास आहे’ असं सांगता येतं. आणि मनापासून केलं नाही, हजेरीपट शेवटच्या आठवड्यात बसून भरला, तर ६० तास कागदावर राहतात आणि मैदानावर गवत वाढतं. दोन्ही शक्य आहे. कुठलं होईल ते विद्यापीठात ठरत नाही, महाविद्यालयाच्या वेळापत्रक समितीत ठरतं.

वेळापत्रकाचा प्रश्न पुढे वर्षभर पाठ सोडत नाही. जून-जुलैत प्रवेश होतात तेव्हा जिल्ह्यात पेरणी चालू असते. जुलै-ऑगस्टमध्ये विद्यापीठ वर्षाचा क्रीडा कार्यक्रम ठरवतं. कोणत्या खेळाची आंतर-महाविद्यालयीन स्पर्धा कोणत्या महाविद्यालयाने भरवायची, हे त्यात वाटून दिलं जातं. सप्टेंबरपासून स्पर्धा आणि निवड चाचण्या सुरू होतात, आणि नेमकी सप्टेंबरअखेरीपासून सोयाबीनची सोंगणी लागते. मजूर मिळत नाही, पाऊस डोक्यावर असतो, शेंगा तडकण्याची भीती असते. अशा वेळी घरातल्या धडधाकट पोराने कबड्डीच्या चाचणीला अमरावतीला जायचं म्हटलं तर बापाने काय म्हणावं? वाशीमहून अमरावती सव्वाशे किलोमीटरच्या घरात, रिसोडहून दीडशेच्या वर. एक दिवसाची चाचणी म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. ज्या संघातला चांगला चढाईपटू ऐनवेळी आला नाही, त्याच्यामागे बहुधा हेच कारण असतं. ‘पोरांना खेळाची आवड राहिली नाही’ हा निष्कर्ष घाईचा आहे.

सोंगणी आटोपते तोवर हिवाळी परीक्षा येतात. त्याच सुमाराला, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, विद्यापीठाचे संघ आंतरविद्यापीठ स्पर्धांना निघतात. वार्षिक परीक्षा होती तेव्हा हा काळ मोकळा असायचा. सत्र पद्धत आल्यापासून खेळाडूची दोन वर्षं एकमेकांवर चढली आहेत. जो विद्यापीठाच्या संघात निवडला गेला त्याने स्पर्धेचं पत्र हातात पडल्यापडल्या प्राचार्यांमार्फत परीक्षेबाबत अर्ज केला पाहिजे. परीक्षा होऊन गेल्यावर केलेल्या अर्जाला काही करता येत नाही. अंतर्गत मूल्यमापनाचंही तसंच आहे. स्वाध्याय, चाचणी, प्रकल्प यांचे गुण विषयशिक्षकाच्या हातात असतात, आणि खेळाडू आठ दिवस कुठे होता हे त्या शिक्षकाला कुणी सांगितलेलंच नसतं. क्रीडा संचालकाने संघ निघण्याआधी सगळ्या विभागांना एक यादी पाठवली तर हा प्रश्न उरत नाही. एका कागदाचं काम आहे, आणि जिथे ते होतं तिथे खेळाडू वर्गात टिकतात.

हजेरीचा मुद्दा पैशाशीही जोडलेला आहे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून मिळते, तिला ७५ टक्के उपस्थितीची अट आहे. आपल्याकडच्या खेळाडूंमधले बरेच या शिष्यवृत्तीवर शिकतात. विद्यापीठासाठी खेळायला गेलेले दिवस गैरहजर म्हणून चढले तर खेळण्याची किंमत त्या मुलाच्या घराला मोजावी लागते. म्हणून परत आल्यावर सहभागाचं प्रमाणपत्र दाखवून ते दिवस कर्तव्यरजा म्हणून नोंदवून घ्यावेत, आणि नोंदवले की नाही हे कार्यालयात जाऊन स्वतः पाहावं.

स्पर्धांची रचना पालकांना कळत नाही, कारण ती तीन वेगळ्या शिड्यांची आहे. अकरावी-बारावीचा विद्यार्थी त्याच इमारतीत बसत असला, त्याच मैदानावर खेळत असला तरी त्याची शिडी शालेय स्पर्धांची आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय ती चालवतं. १९ वर्षांखालील गटात तालुका, जिल्हा, अमरावती विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय. राज्य मंडळाच्या परीक्षेत जे वाढीव क्रीडागुण मिळतात, जास्तीत जास्त २५, ते या शिडीशी जोडलेले असतात. बारावी संपली की ही शिडी काढून घेतली जाते. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला दुसरी शिडी सुरू होते, विद्यापीठाची. आधी आंतर-महाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग भारतीय विश्वविद्यालय संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉलसारख्या सांघिक खेळांत आधी पश्चिम विभागाची फेरी असते, त्यात महाराष्ट्राबरोबर गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोवा इथली विद्यापीठं भिडतात. अ‍ॅथलेटिक्ससारख्या वैयक्तिक खेळांत थेट अखिल भारतीय स्पर्धा. राज्यातल्या विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव वेगळा, आणि २०२० साली भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा वेगळ्या. तिसरी शिडी खेळाच्या संघटनांची: जिल्हा संघटना, राज्य संघटना, राष्ट्रीय महासंघ. ती वयोगटाने चालते, तिला महाविद्यालयाशी देणंघेणं नसतं.

शालेय शिडी संपून विद्यापीठाची सुरू होते, त्या सांध्यात मुलं गळतात. बारावीपर्यंत विभागाला खेळलेला मुलगा बी.ए.ला येतो तेव्हा त्याला हे कुणी सांगत नाही की इथे पुन्हा नव्याने नाव द्यायचं आहे. त्याला वाटतं सर बोलावतील. सरांकडे पहिल्या वर्षाच्या दोन-तीनशे मुलांची यादी असते आणि कोण काय खेळलंय याची त्यात नोंद नसते. प्रवेश अर्जावर ‘आजवर कोणता खेळ, कोणत्या पातळीपर्यंत’ असा एक रकाना टाकला आणि तो भरलेला कागद क्रीडा विभागापर्यंत पोचला, तर यातली कितीतरी गळती थांबेल.

विद्यापीठाच्या शिडीवर चढण्यासाठी जो कागद लागतो तो जवळून पाहण्यासारखा आहे. मुलं त्याला ‘इलिजिबिलिटी फॉर्म’ म्हणतात. त्यावर फोटो, विद्यापीठाचा नावनोंदणी क्रमांक, जन्मतारीख, बारावी उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, सध्याचा वर्ग, आणि शेवटी प्राचार्यांची सही व शिक्का. सोबत दहावीची सनद जन्मतारखेसाठी, बारावीची गुणपत्रिका, मागच्या सत्राची गुणपत्रिका. यातली प्रत्येक गोष्ट एकेका नियमाला उत्तर देते. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी खेळाडू १७ ते २५ या वयातला असावा लागतो, बारावीनंतर आठ वर्षांपेक्षा जास्त काळ लोटलेला चालत नाही, आणि तो नियमित, पूर्णवेळ विद्यार्थी असावा लागतो. बाहेरून परीक्षा देणाऱ्याला यात जागा नाही. नावातल्या एका वेलांटीचा फरक, आधारवर एक आडनाव आणि सनदेवर दुसरं, एवढ्यावरूनही मैदानाच्या कडेला उभं राहायची पाळी येते. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत हे जास्त होतं. म्हणून हे कागद स्पर्धेच्या आदल्या रात्री गोळा करू नयेत. ऑगस्टमध्येच एका पाकिटात झेरॉक्ससह तयार असावेत.

इथल्या मैदानावर सकाळी जी गर्दी दिसते तिच्यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आंतरविद्यापीठ पदक नसतं, पोलीस भरती असते. हे मान्य करूनच पुढे बोलायला हवं. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर धावणे १५ गुण, गोळाफेक १५ गुण. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर, बाकी तेच. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. १६०० मीटरला पैकीच्या पैकी गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं, ८०० मीटरला २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत. त्यानंतर टप्प्याटप्प्याने गुण उतरत जातात.

आता हे अंतर आपण कशावर मोजतो ते बघा. ४०० मीटरची धावपट्टी बहुतेक छोट्या महाविद्यालयांच्या मैदानात बसत नाही, २०० मीटरची बसते. ती आखायची रीत सोपी आहे. मैदानाच्या मधोमध एकमेकींपासून ४० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकायच्या. प्रत्येक खुंटीला १८.९० मीटरची दोरी बांधून बाहेरच्या बाजूने अर्धवर्तुळ काढायचं, आणि दोन्ही अर्धवर्तुळांची टोकं सरळ रेषांनी जोडायची. ही झाली आतली रेषा. धावणारा रेषेवर पाय देत नाही, म्हणून अंतर तिच्या २० सेंटिमीटर बाहेरून धरतात. तिथे त्रिज्या १९.१० मीटर होते, दोन्ही वळणं मिळून १२० मीटर भरतात आणि दोन्ही सरळ बाजू मिळून ८०. बरोबर २००. १.२२ मीटर रुंदीच्या चार पट्ट्या धरल्या तर सगळं मिळून साधारण ८८ मीटर लांब आणि ४८ मीटर रुंद जागा लागते, एकराहून थोडी जास्त. फक्की, दोरी आणि टेप एवढ्यावर एका सकाळी काम होतं.

या धावपट्टीवर १६०० मीटर म्हणजे आठ फेऱ्या. ५ मिनिटं १० सेकंद म्हणजे ३१० सेकंद, फेरीला पावणेएकोणचाळीस सेकंद. मुलीला ८०० मीटरसाठी चार फेऱ्या, फेरीला साडेबेचाळीस सेकंद. हे आकडे पाठ असले की धावणाऱ्याला पहिल्याच फेरीत कळतं आपण कुठे आहोत. पण गर्दीच्या मैदानावर एक चूक हटकून होते. आतली पट्टी अडलेली असते म्हणून मुलगा दुसऱ्या पट्टीतून आठ फेऱ्या मारतो आणि घड्याळ बघून निराश होतो. दुसरी पट्टी प्रत्येक फेरीला पहिलीपेक्षा ७.६७ मीटर जास्त असते. आठ फेऱ्यांत हे ६१ मीटर झाले, म्हणजे त्या वेगाने जवळपास १२ सेकंद. तो मुळात ठरलेल्या वेळेत आलेला असतो, त्याला ते कळत नाही. उलटही घडतं. मैदानाच्या कडेकडेने, झाडांना वळसा घालून अंदाजाने ठरवलेली ‘फेरी’ कमी भरते, मुलगा मित्रांत पहिला येतो आणि भरतीच्या दिवशी ऐन मोजलेल्या धावपट्टीवर मागे पडतो. न मोजलेल्या मैदानावर वर्षभर घाम गाळणं हे मला फार वाईट वाटतं, कारण मोजायला काहीच लागत नाही. भूगोलाच्या किंवा गणिताच्या प्राध्यापकांनी एका रविवारी मुलांकडून ही आखणी करून घेतली तर तो त्यांच्या विषयाचाही तास होईल.

मैदानी चाचणीत किमान निम्मे गुण मिळाले आणि यादीत नाव लागलं की पुढे १०० गुणांची लेखी परीक्षा. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, मराठी व्याकरण. अंतिम यादी दोन्ही मिळून १५० गुणांवर लागते. म्हणजे दोन तृतीयांश गुण टेबलावर बसून मिळवायचे आहेत. सकाळी ग्राउंड मारून दमलेला मुलगा दिवसभर वर्ग टाळतो आणि संध्याकाळी गाइड उघडतो, हा उलटा हिशेब आहे. बी.ए.च्या पहिल्या दोन वर्षांत महाराष्ट्राचा इतिहास, भारताची राज्यघटना, पंचायत राज, भूगोल आणि मराठी व्याकरण हे सगळं वर्गात शिकवलं जातं. तेच लेखीत विचारलं जातं. इतिहासाचा तास बुडवून इतिहासाचं गाइड पाठ करणं यात वेळही जातो आणि पदवीही पातळ होते.

शिपाई पदाला बारावी उत्तीर्ण एवढीच शैक्षणिक अट असल्याने पुष्कळ मुलं पहिल्या-दुसऱ्या वर्षातच भरती होऊन जातात. अग्निवीर म्हणूनही जातात. घरी आनंद होतो, आणि तो व्हायलाच हवा. पूर्वी अशा मुलाची पदवी तिथेच संपायची. आता त्याने मिळवलेले श्रेयांक त्याच्या ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’च्या खात्यात सात वर्षांपर्यंत राहतात. पूर्ण एक वर्ष झालं असेल आणि ठरवून दिलेला ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा आंतरवासिता केली असेल तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, पुढे परत येऊन पदवी पुरी करता येते. अट एवढीच की खातं उघडलेलं असावं आणि त्यात श्रेयांक चढलेले असावेत. जाणाऱ्या मुलाने टी.सी. काढण्याआधी हे तपासावं. अंगावर वर्दी आली तरी पुढच्या पदोन्नतीच्या वाटेवर पदवी कामाला येते.

मुलींचं गणित निराळं आहे आणि ते बरंचसं एसटीवर अवलंबून आहे. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. बी.ए.ला आल्यावर तो संपतो आणि सवलतीचा मासिक पास काढावा लागतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. पैशाची सोय एकवेळ होते, वेळेची होत नाही. सकाळचा सराव साडेसहाला, आणि गावातून पहिली गाडी साडेआठला. संध्याकाळचा सराव पाचला, आणि शेवटची गाडी सव्वापाचला. म्हणजे तालुक्याच्या गावात राहणाऱ्या किंवा खोली करून राहणाऱ्या मुलीच सरावाला येऊ शकतात, बाकीच्या कितीही गुणी असोत. यावर मला एकच खरा उपाय दिसतो: मुलींचा सराव दिवसाच्या मधल्या वेळात, तासांच्या जोडीने, वेळापत्रकात घालणं. अकरा ते चारच्या दरम्यान आठवड्यात चार दिवस एक तास. उन्हाळ्याचे दोन महिने सोडले तर हे शक्य आहे, आणि वर सांगितलेले ६० तास याच पद्धतीने प्रामाणिकपणे भरतात. संघ परगावी जाताना सोबत महिला शिक्षक असणं, आणि निघण्याची-परतण्याची वेळ घरी आधी लेखी कळवणं, या दोन गोष्टींनी किती तरी मुलींचे दौरे वाचतात.

वऱ्हाडात या कामाला परंपरा आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यात कबड्डी होती. वऱ्हाडातल्या कित्येक क्रीडाशिक्षकांचं शिक्षण याच मंडळात झालं आहे. आणि शेजारच्या बुलडाण्याचा प्रथमेश जावकर तर आजचा आहे. पोलीस दलातल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली बुलडाण्यातच तयार झालेल्या या तिरंदाजाने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या माइक श्लोसरला हरवून सुवर्ण जिंकलं, आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंड सांघिक सुवर्णात त्याचा वाटा होता.

अभ्यास आणि खेळ एकत्र सांभाळण्याच्या बाबतीत अमेरिकेतली छोटी कला महाविद्यालयं कामाची तुलना पुरवतात. अ‍ॅमहर्स्ट आणि विल्यम्स या दोन महाविद्यालयांत १८५९ साली बेसबॉलचा सामना झाला, तिथला तो पहिला आंतर-महाविद्यालयीन बेसबॉल सामना. आज ती दोन्ही महाविद्यालयीन खेळांच्या ज्या तिसऱ्या श्रेणीत खेळतात तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. प्रवेश अभ्यासावर, आणि तरीही विद्यार्थ्यांचा मोठा हिस्सा कुठल्या ना कुठल्या संघात असतो. आपल्याकडच्या छोट्या महाविद्यालयांतही खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. फरक पैशाचा आहेच, पण तेवढाच नाही. तिथे सरावाची वेळ ठरलेली असते आणि तिच्यावर तास लावत नाहीत. आपल्याला ते परवडण्यासारखं आहे.

नोकरीतल्या आरक्षणाबद्दलही नीट माहिती हवी. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. ३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयाने ते आलं आणि १ जुलै २०१६ च्या निर्णयाने त्याचे निकष बदलले. कोणत्या गटाच्या पदाला कोणत्या पातळीची स्पर्धा आणि कितवा क्रमांक लागतो हे त्यात दिलेलं आहे, आणि प्रत्येक खेळाला किंवा प्रत्येक प्रमाणपत्राला ते मिळत नाही. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून करून घ्यावी लागते. गावोगावच्या निमंत्रित स्पर्धांची चषकं घरात शोभतात, या कामी उपयोगी पडत नाहीत. म्हणून कुठल्याही स्पर्धेला पैसे भरून जाण्याआधी ती कोण भरवतं आणि तिला कुणाची मान्यता आहे हे सरांना विचारा, आणि प्रमाणपत्र मिळालं की भरतीची जाहिरात येण्याची वाट न पाहता पडताळणीला टाका.

यंदा पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्यांना एवढंच सांगायचं आहे: पहिल्या आठवड्यात क्रीडा विभागात जाऊन आपलं नाव आणि खेळ लिहून द्या, सहशैक्षणिकच्या रकान्यात खेळ निवडा, श्रेयांकांचं खातं उघडा, आणि कागदांचं पाकीट तयार करा. प्राचार्यांना विनंती ही, की नवं वेळापत्रक भिंतीवर लागेल तेव्हा त्यात मैदानाचा तास छापलेला असू द्या, मुलींसाठी तर नक्कीच, आणि तो दिवसाच्या मधल्या वेळेत असू द्या.